डावीकडची तिसरी सीट

जळगाव जामोद
१२ नोव्हेंबर २०२४

सईद,

माझा जयभीम घे आणि तुझा सलाम मला पोचला असं समज, म्हणजे पुढचं बोलायला आपण मोकळे. बिलकिसभाभींचे गुडघे कसे आहेत? तुझ्या सकलैनला मालेगावात दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं असं ऐकलं, बरं झालं. इकडे शालू बरी आहे, समता बरी आहे, मीही बरा आहे.

पत्र बघून तू म्हणशील, याला मोबाइल चालवता येत नाही का. येतो. पण फोनवर तुला ऐकू येत नाही. जन्मभर गॅरेजात लोखंड ठोकून तू स्वतःच्या कानांचं वाटोळं करून घेतलंस. आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तुझी सून गुलनाज ते तुला मोठ्यानं वाचून दाखवते, आणि तिचं मोठ्यानं म्हणजे सगळ्या गल्लीला. मागे मी माझ्या मूळव्याधीबद्दल दोन ओळी लिहिल्या, तर तुमच्या शेजारच्यानं मला औषध सांगायला फोन केला. तेव्हा आता पत्रच. हे तू स्वतः चष्मा लावून वाच.

काम गाडीचं आहे. आपली डिझेल व्हॅन. एसटीतून रिटायर झाल्यावर मी ती कशी घेतली ते तुला सांगायला नको. लोणारच्या सरोवरावर माती-पाणी तपासायला डोंगराकडची काही मंडळी आली होती, त्यांची ती हिमाचल पासिंगची गाडी रस्त्यात बसली आणि मी वेड्यासारखा ती विकत घेऊन तुझ्या दारात आणून उभी केली. तू चारी बाजूंनी फिरून बघितलंस आणि म्हणालास, “अबे धम्मा, गाडी घेतली का सासुरवाडी?” ती अजून चालते आहे, तुझ्या नाकावर टिच्चून.

तू मालेगावला गेलास तेव्हा ती लग्नाच्या वऱ्हाडाला जायची. आता ती डायलिसिसच्या पेशंटांना नेते. आपल्या या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात किडनीनं धरलेली माणसं किती ते तुला माहीत आहे. जवळ कुठं मशीन मोकळं मिळत नाही, म्हणून आमची मंडळी बुलढाण्याला जातात. पहाटे निघायचं, पूर्णेचा पूल, नांदुरा, मोताळा, मग राजूरचा घाट चढून वर. सगळ्यांचं दोन पाळ्यांत उरकेपर्यंत दिवस कलतो, आणि उतरताना घाटात अंधार आणि गारठा एकदमच सुरू होतो.

मशीनवर रक्त धुऊन बाहेर आलेल्या माणसाला जी थंडी वाजते ती आपली नेहमीची थंडी नव्हे, सईद. ती वरून लागत नाही, आतून सुटते. अंगावर गोधडी टाकली तर गोधडीच गार पडते. दात वाजू नयेत म्हणून माणूस जबडा आवळून बसतो आणि घरी पोचेपर्यंत जबडाच दुखायला लागतो. आमच्या गाडीच्या दारांच्या फटी तुला माहीत आहेत. मी सगळीकडे रबर लावलं, चिंध्या कोंबल्या, तरी वारा वाट काढतोच. कोणी म्हणालं, कोळशाची शेगडी ठेवा मध्ये. मी म्हटलं, बंद गाडीत शेगडी ठेवली तर बुलढाण्याला जायची गरजच उरणार नाही कोणाला.

आता खरी अडचण. आसलगावचे नारायणराव तुला आठवतात ना? बागायतदार, पांढऱ्या मिशा, तुझ्याकडे ट्रॅक्टर आणून तुझ्याच डोक्यावर उभे राहायचे ते. तेही आमच्या गाडीत असतात. काल घाटात कुडकुडत म्हणाले, “धम्मा, आता संक्रांतीपर्यंत मी काही येत नाई. गाडीत गारठून मरण्यापरीस घरी गादीवर मेलेलं बरं.” बाकीचे गप्प बसले. गप्प बसले म्हणजे त्यांच्याही मनात तेच होतं. मशीन चुकवलं की काय होतं ते आम्ही पावसाळ्यात पाहिलं आहे. एकानं दांडी मारली, पुन्हा मारली, आणि त्यानंतर त्याची सीट रिकामी झाली ती झालीच. तेव्हा गाडी गरम झाली पाहिजे, आणि खरी थंडी पडायच्या आत झाली पाहिजे. दुसरा इलाज नाही.

आणि या गाडीला हीटर होता! डोंगरातली गाडी, पुढं हीटर, मागच्या सीटांपर्यंत गरम हवा नेणारा पाइपसुद्धा. इंजिनचं तापलेलं पाणी हीटरच्या जाळीतून फिरायचं आणि पंखा त्याची ऊब आत फेकायचा. पहिल्याच उन्हाळ्यात केबिनमध्ये गोडसर वास यायला लागला, समोरची काच आतून चिकट व्हायला लागली. तू खाली वाकून सांगितलंस की हीटर गळतो. मी विचारलं, मग? तर तू म्हणालास, “इकडं हीटर कायले पायजे बे? इथं माणूस उन्हानं शिजते.” आणि हीटर काढून दोन्ही पाइप एकमेकांना जोडून टाकलेस, माझा चहा संपायच्या आत. आपल्याकडचे सगळे मिस्त्री हेच करतात, मीही तेव्हा हसलो होतो. पण कापलास तू, म्हणून आता जोडायचा कसा तेही तूच सांगायचं.

तो हीटर फेकलास की ठेवलास? असला तर कुठं आहे? तुझ्या शटरची किल्ली अजून माझ्या खुंटीवर आहे. काय आधी खोलायचं, काय नंतर, सगळं नीट उलगडून लिही, कारण नट-बोल्टचे पाने समता फिरवणार आहे. माझा डावा हात जरा दुखतो, जड काही धरायचं नाही असं सांगितलंय. पोरीनं परवाना काढलाय, हल्ली गाडीही बरीचशी तीच चालवते, मी सोबत असतो.

नारायणरावांना मी शब्द देऊन बसलोय की त्यांची सीट रिकामी जाऊ देणार नाही. आता मला तोंडघशी पाडू नकोस.

स्टिअरिंगवरून,
तुझा धम्मरत्न


जळगाव जामोद
५ डिसेंबर २०२४

सईद,

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर लावायला मला आणि समताला मिळून एक अख्खी संध्याकाळ लागली, पण लागलं. आधी तुझ्या विचारण्याचं उत्तर देतो: हो, जेवण व्यवस्थित आहे, आणि शालू मला उपाशी ठेवत नाही. पाणी आणि चहा मात्र कमी केलाय. वय झालं.

हीटर सापडला! माळ्यावर, जुन्या सायलेन्सरांच्या मागे, बारदानात गुंडाळलेला, तू लिहिलंस तिथंच. “तांबं कोणी फेकते का बे” असं लिहिलंयस, तर तुझ्या त्या कंजूषपणाला माझा मनापासून सलाम. हल्लीच्या गाड्यांचे हीटर ॲल्युमिनियमचे असतात, गळले की गेले. हा तांब्याचा आहे म्हणून डाग देऊन, म्हणजे झाळून, चालू होतो, हे मला मोताळ्यात कळलं.

मोताळ्याला उत्तमराव म्हणून रेडिएटरचं काम करणारे आहेत, आमच्या वाटेवरच. सकाळी जाताना हीटर त्यांच्याकडे टाकला आणि परत येताना घ्यायला थांबलो. त्यांनी तो उलटा करून जमिनीवर आपटला, तर आतून पांढरे खडे पडले, मूठभर. हातात घेऊन म्हणाले, “एवढं खारं पाणी पाजलं गाडीले? बोरचं हाय ना हे?”

मी म्हटलं, “हाव, आमच्याकडचंच.”

“आता हे पाणी पाजू नका तिले. कूलंट टाका, नाईतर फिल्टरचं पाणी टाका. नाईतर एका वर्षात पुन्हा बुजन.”

नारायणराव खिडकीतून ऐकत होते. म्हणाले, “गाडीले नाई पाजत भाऊ. पण आम्ही त तेच पेलो ना जलमभर.”

उत्तमरावांनी हातातले खडे खाली टाकले आणि हात पुसला.

असो. डाग दिला, हवा भरून पाण्याच्या बादलीत बुडवून बघितला, एक बुडबुडा नाही. समतानं दोन दिवस गाडीखाली घातले. तू लिहिल्याप्रमाणे जुने पाइप बदलले, क्लिपा नव्या घातल्या, सायलेन्सरचा धूर कुठून आत शिरत नाही ना तेही मागचं-पुढचं तपासलं, कारण तू त्या ओळीखाली तीन रेघा मारल्या होत्या. पोरगी आता तुझ्यासारखीच शिव्या देते, पण लोखंडाला, माणसाला नाही. मग राजूर घाटात गाडीचं तोंड चढावर करून, इंजिन चालू ठेवून पाण्याच्या पाइपांत अडकलेली हवा काढली. गडगड आवाज करत बुडबुडे आले आणि थांबले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पण सईद, हवा कोमटच येते. घाट चढताना थोडी बरी, वर पोचलं की कमी, आणि उतरताना तर चक्क गार. मीटरचा काटासुद्धा वर चढत नाही, खालीच पडून असतो. हीटरला जाणारा पाइप हातानं धरून बघितला तर चटका बसत नाही, नुसता कोमट लागतो. पुढं समताच्या पायाशी निदान कोमट तरी. मागे ते पण नाही. डावीकडच्या तिसऱ्या सीटच्या पायाशी ती लोखंडी जाळी आहे बघ, हवा यायची. तिच्यातून हवाच येत नाही. उलट मोताळा सोडलं की सरकत्या दाराच्या खालच्या फटीतून वारा शिरतो आणि बरोबर गुडघ्याच्या मागे लागतो, जिथं काही गुंडाळताही येत नाही. नांदुरा येईपर्यंत पाय आपला राहत नाही. याचं काय करायचं ते लिही.

नारायणरावांनी गेल्या सोमवारी दांडी मारली. गुरुवारी आम्ही त्यांच्या दारात गाडी लावली आणि समतानं हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच. सून बाहेर आली, मग शेजारी, मग गल्लीतली कुत्री, शेवटी अर्धं आसलगाव. पाय सुजून टम्म झालेले, श्वास पुरत नव्हता, तरी शिव्या देत बाहेर आले. गाडीत चढताना म्हणाले, “हे तुह्या पोरीसाठी. पण गाडी गरम नाई झाली त मी या महिन्यानंतर येत नाई, मंग हॉर्न वाजव का बँड वाजव.”

म्हणजे मला डिसेंबरअखेरपर्यंत वेळ आहे. इथले दोन मिस्त्री बघून गेले. एक म्हणाला, हीटरच खराब. दुसरा म्हणाला, काढून टाका काका, इकडे कोणाले लागते. तुझाच चेला निघाला. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मी हे सोडणार नाही, तूही सोडू नकोस. लवकर लिही.

तुझा,
धम्मरत्न


जळगाव जामोद
४ जानेवारी २०२५

सईद,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा वगैरे. आधी आनंदाची बातमी: चालला! अरे, चालला!

तू लिहिलंस, “थर्मोस्टॅट पाहा. मीच काढला असंन. मी सगळ्यांचेच काढले.” वाचून मी कपाळावर हात मारला. एसटीत एवढी वर्षं काढली पण आम्ही फक्त चालवायचो, उघडून बघायचं काम डेपोतल्या लोकांचं. तू समजावून लिहिलंस तेव्हा समताला लगेच कळलं, मला दुसऱ्या दिवशी. इंजिन नीट तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी ती एवढीशी चकती, तापलं की तोंड उघडते. आपल्या उन्हात गाडी तापू नये म्हणून तुम्ही लोक ती काढूनच टाकता. मग पाणी नुसतं फिरत राहतं, इंजिन कधी धड तापत नाही आणि हीटरला द्यायला त्याच्याकडे काही उरत नाही. हीटर ठीक होता, पाइप ठीक होते, त्याला ऊबच मिळत नव्हती.

तुझ्या शटरमधला बिस्किटांचा डबा उघडला तर आत थर्मोस्टॅटच थर्मोस्टॅट. अर्ध्या तालुक्याच्या गाड्यांची ऊब डब्यात भरून तू मालेगावला निघून गेलास! कोणता आमचा ते कळायला मार्ग नाही, म्हणून मापाला बसणारे सगळे घरी आणले आणि तू सांगितल्याप्रमाणे उकळत्या पाण्यात परीक्षा घेतली. समतानं दोऱ्याला बांधून एकेक पातेल्यात सोडला. शालू मागून आली.

“हे दुधाचं पातेलं हाय.”

“पाणीच हाय त्यात,” मी म्हटलं.

“अन त्यात काय गाडीचं लोखंड? आता याच्यात तुमच्यासाठीच चहा करते मी.”

“मले चहा कुठं चालते आता.”

शालूनं माझ्याकडे बघितलं आणि गॅस जरा मोठा केला. बरेचसे थर्मोस्टॅट मेलेलेच निघाले, पाणी उकळून उकळून आटलं तरी तोंड मिटून बसलेले. मग एकानं हळूच ओठ उघडले. समता ओरडलीच. पाण्यातून बाहेर काढला, गार झाला तसा पुन्हा मिटला. पुन्हा बुडवला, पुन्हा उघडला. शालूसुद्धा वाकून बघत होती. शेवटी म्हणाली, “टाका आता गाडीत, नाईतर शिजून जाईल.”

तो बसवला आणि दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याच्या आधीच काटा मधोमध येऊन थांबला. पुढं अशी गरम हवा सुटली की समतानं स्वेटर काढला. मागं मात्र अजून काही नाही. मग तिनं मागच्या पाइपची जाळी खोलून आत हात घातला आणि कापूस बाहेर काढायला लागली. मागच्या हंगामात मी वेचणीच्या बाया शेतावर नेल्या होत्या, त्यांच्या पदराच्या ओट्यातला सांडलेला कापूस उंदरांनी ओढून पाइपमध्ये नेऊन त्यात बाळंतपणं उरकली होती. सरकी, चिंध्या, एका बाईची हरवलेली बांगडीसुद्धा. सगळं निघालं आणि डावीकडच्या तिसऱ्या सीटच्या जाळीतून पहिल्यांदा ऊब आली.

सोमवारी परत येताना थंडी अशी होती की बुलढाण्याच्या चौकात लोक टायर जाळून बसले होते. गाडी घाटात शिरली. मी नारायणरावांकडे बघत होतो. आधी त्यांनी कानटोपी वर सरकवली. मग काढून मांडीवर ठेवली. मग शाल. राजूर यायच्या आत मिशीवरून हात फिरवला आणि पुढं ओरडले, “समता! खिडकी उघड वं जराशी, जीव घाबरून राह्यला!”

सगळी गाडी हसली. हसताना कोणाचेही दात वाजत नव्हते. परवा उतरताना ते समताला म्हणाले, “सोमवारी टायमावर येजो, हॉर्न वाजवू नको.”

एवढं लिहून थांबलो असतो. पण तू पत्राच्या शेवटी जे विचारलंस त्याचं उत्तर राहिलंय, आणि ते टाळायचा मी दोन दिवस प्रयत्न करून बघितला. तू लिहिलंस: “अबे धम्मा, तू त पुढं बसते ना? मंग तुह्या गुडघ्याच्या मागं वारा कसा लागते?”

कान गेले तुझे, पण मिस्त्री तो मिस्त्रीच. गाडीत कुठं काय होतं हे तिथं बसल्याशिवाय कळत नाही, हे तूच मला शिकवलंस आणि त्यातच मी सापडलो.

डावीकडची तिसरी सीट माझी आहे, सईद. दसऱ्याच्या आधीपासून. किडन्या माझ्याही गेल्या. डाव्या हाताच्या शिरेवर ऑपरेशन झालंय, तिथं मशीनच्या सुया लागतात, म्हणून जड उचलायचं नाही. आणि म्हणूनच डावी बाजू, हात खिडकीकडे राहतो, कोणाचा धक्का लागत नाही. तुला पहिलं पत्र लिहिलं आणि खाली “स्टिअरिंगवरून” अशी सही ठोकली, तेव्हा मी स्टिअरिंगला हात लावून महिना उलटून गेला होता.

पहिल्या दिवशी मशीनवरून उठून गाडीपाशी आलो आणि सवयीनं ड्रायव्हरच्या दाराला हात घातला. आत समता बसली होती. म्हणाली, “बाबा, मागं बसा.” एवढंच. जन्मभर मी लोकांना सांगत आलो, पुढे चला, मागे बसा, दार लावा. मी मागे जाऊन बसलो. त्या संध्याकाळी घाटात मी रडलो, सईद. थंडीनं नाक गळतंय असं सगळ्यांना वाटलं आणि मीही तसंच वाटू दिलं.

आणखी एक सांगतो, हे शालूलाही माहीत नाही. नारायणराव म्हणाले ना, संक्रांतीपर्यंत येत नाही म्हणून? ते बोलायच्या आठवडाभर आधी मी मनात तेच ठरवून ठेवलं होतं. की बस झालं, आता नाही जायचं. पोरीला सांगायचं की मोकळ्या दिवशी लग्नाचं भाडं घे. त्यांनी ते मोठ्यानं बोलून दाखवलं आणि माझ्या तोंडून त्यांच्यासाठी निघालं, “तुमची सीट मी रिकामी जाऊ देणार नाही.” बोलून गेलो आणि मग दुसऱ्याला असला शब्द देऊन स्वतः घरी कसं निजायचं? तेव्हा घरी आलो, समताला म्हटलं पाने काढ, आणि तुला पत्र लिहायला बसलो.

तुला आधी सांगितलं नाही कारण तू रडला असतास, आणि तुझं रडणं मला मालेगावाहून ऐकू आलं असतं. आता कळलंय तर एकदाच काय ते रडून घे. बिलकिसभाभींना तूच सांग, पण हळू आवाजात. तुला वाटतं तू हळू बोलतोस, पण तसं नाहीये, म्हणून घराबाहेर मोकळ्या जागेत जाऊन सांग. मला भेटायला ये, पण आजारी माणसाला बघायला येतात तसा मोसंबी घेऊन येऊ नकोस, मोसंबी मला चालतही नाही. मिस्त्री म्हणून ये. हीटरमध्ये गरम पाणी सोडणाऱ्या नळाची तार थोडी जड ओढते, ती तुझ्या हातानं बघायची आहे.

एक गोष्ट मी समताला बजावून ठेवली आहे. थंडी गेली तरी हा हीटर कोणी कापायचा नाही. उन्हाळ्यातही आठवड्यातून एकदा नळ उघडून थोडा वेळ चालवायचा, म्हणजे तो जाम होत नाही आणि आत खार धरत नाही. फिल्टरचं पाणी, कूलंट, सगळं तू लिहिल्याप्रमाणे. आणि एप्रिलमध्ये भर दुपारी घाट चढताना गाडी तापायला लागली की, तू लिहिलंयस तसं, हीटर पूर्ण उघडायचा, म्हणजे इंजिनची उष्णता आत येते आणि इंजिन वाचतं. मी डोळ्यांसमोर आणून बघतो. बाहेर ऊन, आत हीटर, सगळे घामानं निथळलेले, नारायणराव मिशी पुसत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करताहेत, हा हीटर कोणी लावला, त्याले पुढं बोलवा.

त्या शिव्या खायला मला तिथं बसलेलं असायचं आहे, सईद. त्यासाठी सोमवारी जातोय, गुरुवारी जातोय, त्याच्या पुढच्या सोमवारीही जातोय.

डावीकडच्या तिसऱ्या सीटवरून,
पाय गरम असलेला
तुझा धम्मा